किटाच्या दारात गोवराची लस

जर्मनीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किटाचे, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीचे, नवे वर्ष सुरू होते आणि त्याच सुमारास मराठी पालकांच्या गटांत एक वाद हमखास पेटतो. नुकत्याच आलेल्या कुणाला तरी पत्र येते: मुलाला गोवराची लस दिल्याचा पुरावा आणा, त्याशिवाय प्रवेश नाही. पालकांकडे कार्ड असते, पण ते पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या दवाखान्याचे, डॉक्टरांच्या हस्ताक्षरातले, आणि ते पुरेसे नाही असे त्यांना कळवले जाते. मग एक बाजू म्हणते, आपल्या डॉक्टरांवर यांचा विश्वास नाही, आपल्या लेकरांना हे रोग घेऊन आलेली समजतात, ही सरळसरळ जबरदस्ती आहे. दुसरी बाजू तितक्याच जोराने सुनावते, देश त्यांचा, नियम त्यांचे. पटत नसेल तर परत जायला कुणी अडवलेले नाही. एक-दोन दिवस शब्दाला शब्द वाढतो, मग सगळे थंडावते. ज्या आईवडिलांना पत्र आलेले असते त्यांच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा जास्त घातक वाटते. गोवराच्या लसीची सक्ती मला मान्य आहे, पण 'देश त्यांचा' म्हणून नव्हे. यजमानाचा आहे एवढ्यासाठीच जो नियम पाळायचा, तो चांगला असो की वाईट, पाहुण्याने त्यापुढे मान तुकवायची असते. त्याचे कारण विचारायचे नसते, त्यात दुरुस्ती मागायची नसते. आपली मुले इथे पाहुणी नाहीत. ती इतरांबरोबर त्याच वाळूत खेळतात, त्याच टेबलावर जेवतात, शेजारच्या मुलाची सर्दी घरी घेऊन येतात. एका खोलीत दिवस काढणाऱ्यांचा एकमेकांवर हक्क असतो आणि ही सक्ती त्या हक्कातून येते. म्हणूनच ती दोन्हीकडून लागू होते. आपण पुरावा द्यायला बांधील आहोत, आणि कोणता पुरावा चालेल, तो नसेल तर काय करायचे, हे आपल्याला समजेल अशा रीतीने सांगायला समोरची यंत्रणा बांधील आहे.

नियम नेमका काय आहे ते आधी पाहू, कारण निम्मा वाद तो न वाचल्यामुळे होतो. जर्मन संसदेने नोव्हेंबर 2019 मध्ये गोवर संरक्षण कायदा मंजूर केला आणि 1 मार्च 2020 पासून तो लागू झाला. त्यानुसार किटात येणाऱ्या मुलाला पहिला वाढदिवस झाल्यावर गोवराचा निदान एक डोस आणि दुसरा वाढदिवस झाल्यावर दोन डोस झालेले असले पाहिजेत. त्याऐवजी रक्ततपासणीतून प्रतिकारशक्ती असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्रही चालते. वैद्यकीय कारणाने लस देताच येत नसेल तर तसे प्रमाणपत्रही चालते. पुरावा नसेल तर किटा त्या मुलाला घेऊ शकत नाही. शाळेचे तसे नाही. शिक्षण सक्तीचे असल्यामुळे शाळेला दार बंद करता येत नाही, पण स्थानिक आरोग्य कार्यालय पालकांना 2500 युरोपर्यंत दंड करू शकते. 1970 नंतर जन्मलेल्या शिक्षकांना आणि किटातल्या कर्मचाऱ्यांनाही हाच नियम आहे. ज्याच्या सात पिढ्या बव्हेरियात गेल्या त्याच्या नातवालाही तोच, आणि काल डोंबिवलीहून आलेल्या मुलालाही तोच.

आणि सक्ती आहे ती फक्त गोवराची. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकस, रोटाव्हायरस, कांजिण्या या सगळ्या लसी जर्मनीत शिफारशीच्या आहेत. श्टिको नावाची तज्ज्ञांची कायमस्वरूपी समिती त्या शिफारशी करते. किटात पहिल्यांदा प्रवेश घेताना डॉक्टरांकडून लसीकरणाचा सल्ला घेतल्याचा कागद मागतात, तो या शिफारशींसाठी असतो. सल्ला घेतल्याचा तो पुरावा आहे. लस घेतल्याचा नव्हे. सक्ती, शिफारस आणि डॉक्टरांचे वैयक्तिक मत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्या पालकांच्या मनात त्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. त्यातून काही जण सगळे सक्तीचेच समजून धास्तावतात, तर काही जण सगळे ऐच्छिकच समजून किटाच्या दारातून परत येतात.

आता विरोधकांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येतो. मूल निरोगी आहे, शरीर त्याचे आहे, निर्णय आईवडिलांचा आहे; मग सरकारने मध्ये का यावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही तो तसा नेला नाही. काही पालकांनी या कायद्याला आव्हान दिले होते. जुलै 2022 मध्ये न्यायालयाने निकाल दिला तेव्हा आधी स्पष्ट मान्य केले, की हा पालकांच्या अधिकारावर आणि मुलाच्या शारीरिक अखंडतेवर गंभीर आघात आहे. इथे गोवराची एकेरी लस मिळत नाही, ती गालगुंड आणि रुबेलाबरोबरच मिळते, म्हणजे सक्ती एकीची असली तरी टोचल्या तिन्ही जातात, ही तक्रारही न्यायालयाने तपासली. एवढे सगळे मान्य करूनही कायदा टिकला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने झेक प्रजासत्ताकाच्या प्रकरणात एप्रिल 2021 मध्ये असाच निर्णय दिला होता. लस न दिलेल्या मुलांना बालवाडीत प्रवेश नाकारणे हा हक्कभंग ठरत नाही, असे मोठ्या पीठाने म्हटले.

का टिकला? कारण त्या खोलीत आणखी एक मूल असते, ज्याच्या वतीने बोलायला त्या वादात कुणी नसते. किटात सहा-आठ महिन्यांची बाळेही असतात. नेहमीच्या वेळापत्रकानुसार त्यांना अजून लस मिळालेली नसते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलाला ती देता येत नाही. गरोदर शिक्षिकेला देता येत नाही. लसीकरण न झालेल्या समूहात गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू हवेत राहू शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांना लस असली तरच उरलेले पाच सुरक्षित राहतात. ते पाच जण कोण असावेत हा खरा नैतिक प्रश्न आहे. ज्यांना लस घेणे शक्यच नाही त्यांच्यासाठी ती जागा राखून ठेवायची, की ज्यांना घ्यायची इच्छा नाही त्यांनी ती आधीच व्यापायची? शरीरावरचा हक्क माझ्या मुलाला आहे हे मान्य. मग त्या आठ महिन्यांच्या बाळाला तो नाही का?

बर्लिनमध्ये 2014-15 च्या हिवाळ्यात गोवराची मोठी साथ आली. हजाराहून अधिक लोकांना लागण झाली आणि दीड वर्षाचा एक मुलगा दगावला. साथीची सुरुवात आश्रयासाठी आलेल्या कुटुंबांमध्ये झाली होती, आणि त्यावरून तेव्हा बरेच काही बोलले गेले. पण आग पसरायला वाळलेले गवत इथलेच होते. बर्लिनमध्ये वाढलेले, लस अर्धवट राहिलेले तरुण-तरुणी मोठ्या संख्येने आजारी पडले. बाहेरून आलेल्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना या साथीने उत्तर दिले, आणि 'आमच्याच मुलांकडे संशयाने बघतात' असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांनाही. पाच वर्षांनी झालेला कायदा बर्लिनच्या त्या तरुण पिढीकडेही बघून झाला होता. 1970 नंतर जन्मलेल्यांचा उल्लेख त्यात आहे तो काही आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. सक्तीशिवाय हे होत नाही का? होते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पोर्तुगाल आणि स्वीडनमध्ये सक्ती नाही, तरी गोवराच्या लसीकरणात हे देश वर्षानुवर्षे पुढे राहिले. आपल्याकडेही बालकांच्या लसीकरणाची देशव्यापी कायदेशीर सक्ती नाही. पोलिओ गेला तो दंडाच्या भीतीने गेला नाही. बूथवर दोन थेंब, बोटावर शाईची खूण, आणि राहिलेल्या घरी दुसऱ्या दिवशी हजर होणारी आशाताई यांनी तो घालवला. 13 जानेवारी 2011 नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही. हे यश विश्वासाचे आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

पण मग इंग्लंडकडेही बघावे लागते. तिथेही सक्ती नाही. 1998 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती पसरली. 2010 मध्ये तो लेख मागे घेण्यात आला, वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला, पण भीती उरलीच. आज इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलांत दोन्ही डोस झालेल्यांचे प्रमाण 85 टक्क्यांच्या खाली आहे. विश्वास हा सक्तीपेक्षा चांगला पाया आहे यात शंका नाही, फक्त तो वर्षानुवर्षे बांधावा लागतो आणि एका लेखाने खचू शकतो. सामोआमध्ये 2018 साली परिचारिकांनी लस मिसळताना चुकीचे औषध वापरले आणि दोन बाळे गेली. लसीचा त्यात दोष नव्हता, तरी लोकांचा विश्वास उडाला. पुढच्याच वर्षी त्या छोट्या बेटदेशात गोवराने 83 जण मेले, त्यात बहुतेक लहान मुले. जर्मनीत कायद्याआधी शाळेत दाखल होणाऱ्या मुलांत दोन डोसांचे प्रमाण 93 टक्क्यांच्या आसपास अडकून पडले होते. तिथून पंच्याण्णवाच्या पुढे नेणारी आशाताई या देशात नव्हती. तिच्या जागी कायदा आला. मला आशाताई जास्त आवडली असती, पण ती नाही म्हणून तेवढी बाळे उघडी ठेवावीत, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मराठी माणसाच्या तोंडी तो फार लवकर येतो: 1897. परक्या सरकारने आरोग्याच्या नावाखाली घरात शिरावे आणि आपण ते निमूट सोसावे, हे आपल्या इतिहासाला धरून नाही, असे म्हटले जाते. पुण्यातल्या प्लेगमध्ये रँडच्या अमलाखाली गोऱ्या सैनिकांनी घरांची झडती घेतली, बायकांची तपासणी केली, सामान जाळले, आणि 22 जूनच्या रात्री चापेकरांनी त्याला उत्तर दिले, हे खरेच आहे. तो संताप मी जराही कमी लेखत नाही. पण त्या वर्षाची एवढीच आठवण आपण का जपतो? त्याच वर्षी 10 जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंत याने काढलेल्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांना नेऊन पोहोचवताना त्यांना लागण झाली होती. साथ तीच, शहरे आपलीच. एकाने सत्तेच्या जोरावर दुसऱ्याच्या घराला हात घातला, दुसऱ्याने आधी स्वतःवर प्रयोग केला, तिसरीने परक्याचे आजारी मूल उचलले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात यातले फक्त रँडसाहेब मोजायचे, तर सावित्रीबाईंना कुठे ठेवायचे?

रँडचा नियम ज्यांच्यावर लादला गेला त्यांना तो बदलण्याचा मार्ग नव्हता, आणि लादणारा स्वतः त्याखाली येत नव्हता. इथे नियम सर्वांना सारखा आहे, न्यायालयात त्याला आव्हान देता येते आणि दिलेही गेले आहे, लसीमुळे खरोखर इजा झाली तर भरपाईची कायदेशीर तरतूद आहे. रँडच्या आठवणीतून एक धडा मात्र इथल्या कार्यालयांनी घ्यायला हवा, आणि त्याबाबतीत मी पहिल्या बाजूच्या पालकांबरोबर आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला आलेले पत्र मी वाचले आहे. कायद्याच्या कलमांनी भरलेली जर्मन भाषा, शेवटी ठळक अक्षरांत दंडाची रक्कम, आणि रक्ततपासणीचा पर्याय असल्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. त्या घरातल्या आईला जर्मन येत नव्हते. तिला त्या पत्रातून एकच गोष्ट समजली, की आपण काहीतरी गुन्हा केला आहे. नियम बरोबर असला म्हणून तो सांगण्याची अशी पद्धत बरोबर ठरत नाही.

या वादात सर्वांत जास्त गोंधळ आणखी एका प्रश्नाने माजतो, आणि तिथे थोडे थांबायला हवे. लसीकरण शास्त्रावर चालते म्हणता, मग प्रत्येक देशाचे वेळापत्रक वेगळे कसे? पुण्यात जन्मलेल्या एका मुलाचे कार्ड घ्या. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा सोळाव्या महिन्यात, आपल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे. हे कार्ड जर्मनीत चालते. इथे पहिला डोस साधारण अकराव्या महिन्यात देतात, पण तो आधी दिलेला असेल आणि दुसरा दुसऱ्या वर्षात झाला असेल तर दोन्ही धरतात. तेच कुटुंब न्यू जर्सीला गेले तर शाळा सांगते, पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस आम्ही मोजत नाही, आणखी एक घ्या. सिंगापूरला जायचे असेल तर परदेशात जन्मलेल्या, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी गोवर आणि घटसर्प या दोन्हींचा पुरावा राहण्याच्या परवान्यासाठीच लागतो. 2019 पासून ही अट आहे. हा सगळा लहरी कारभार आहे का?

नाही. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे पहिल्या काही महिन्यांत लसीचे काम अडवतात. नवव्या महिन्यात दिलेला डोस सुमारे 85 टक्के मुलांत लागू पडतो. वर्ष उलटल्यावर दिला तर हे प्रमाण नव्वदीच्या पुढे जाते. मग भारत वर्षभर का थांबत नाही? कारण जिथे गोवर भोवती फिरत असतो, तिथे ते तीन महिने जीवघेणे असतात. मुंबईत 2022 च्या अखेरीस गोवंडीत आणि आजूबाजूच्या वस्त्यांत गोवर आला तेव्हा त्यात लहान बाळे गेली. तिथे नवव्या महिन्यात 85 टक्के संरक्षण देणे हाच शहाणपणा आहे. अमेरिकेत गोवर भारताच्या मानाने खूपच कमी असतो, तिथे थोडे थांबून जास्त पक्के संरक्षण घेणे परवडते. गंमत अशी, की सहा ते अकरा महिन्यांच्या अमेरिकन बाळाला परदेशी, उदाहरणार्थ भारतात, घेऊन जायचे असेल तर तिथले डॉक्टरही लवकर एक डोस द्या असेच सांगतात, आणि तो डोस नंतर मोजत नाहीत. म्हणजे त्यांनाही आपले कारण ठाऊक आहे आणि मान्य आहे. त्यांच्या शाळेचे गणित वेगळे आहे, एवढेच.

बीसीजीचे बघा. आपल्याकडे जन्मताच देतात, दंडावरचा व्रण आयुष्यभर सोबत असतो. जर्मनीने 1998 पासून त्याची शिफारस थांबवली, कारण क्षयरोग इथे विरळ झाला. ब्रिटनमध्ये सर्वांना देत नाहीत, पण आईवडील किंवा आजी-आजोबा भारतासारख्या क्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेले असतील तर बाळाला आवर्जून देतात. अमेरिकेत तर बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची क्षयचाचणी खोटीच सकारात्मक येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागून घ्यावी लागते, आणि हे न कळल्यामुळे कित्येक पालक घाबरून जातात. शास्त्र सगळीकडे एकच आहे. ज्या रोगाशी गाठ पडायची तो ठिकाणाप्रमाणे बदलतो, आणि वेळापत्रक त्या ठिकाणचे असते. हे एकदा समजले, की 'आपली लस हे खरी मानत नाहीत' या वाक्याला अर्थच उरत नाही. नवव्या महिन्याचा डोस न मोजणे हे मुलाच्या वयाबद्दलचे विधान आहे, पुण्याबद्दलचे नव्हे.

आणि पुण्याबद्दल कमीपणा वाटून घ्यायचे कारणही नाही. सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस जगातल्या कितीतरी देशांतल्या मुलांना दिली जाते. त्याच्याही मागे जायचे तर भारतात पहिली देवीची लस 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. ती लस व्हिएन्नाहून बगदादला आणि तिथून बसरामार्गे, माणसांच्या दंडांवरून दंडांवर येत पोहोचली होती. मुंबईच्या त्या लहान मुलीने परदेशातून आलेली लस घेतली आणि तिच्या दंडावरून ती पुढे देशभर गेली. लस कधीच एका देशाची नव्हती. मग परदेशात गेल्यावर तिच्या नावाने देशाभिमान कसा दुखावतो?

दुखावतो तो बहुधा कागदावरून. परदेशी आलेल्या मराठी मुलांमध्ये लसच झाली नाही अशी मुले मला फारशी भेटलेली नाहीत. अडचण येते ती पुराव्याची. कार्डावर रोगाचे नाव नसते, लसीचे व्यापारी नाव असते. 'ट्रेसिवॅक' ही गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आहे हे फ्रँकफर्टच्या किंवा एडिसनच्या कारकुनाला कसे कळावे? तारखेचा घोळ तर फारच वाईट. आपण 9/4 लिहितो ते 9 एप्रिल म्हणून, अमेरिकेत ते 4 सप्टेंबर वाचतात. या एका उलटापालटीत डोस पहिल्या वाढदिवसाच्या अलीकडे की पलीकडे, हे बदलू शकते. शिक्का पुसट झालेला असतो, सही कुणाची ते कळत नाही, दुसऱ्या डोसच्या वेळी कार्ड आजोळी राहिलेले असते आणि डॉक्टरांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलेले असते. अशा वेळी 'नोंद नाही तर डोस नाही' हा नियम कठोर वाटतो. तो जर्मन माणसालाही लागू आहे. त्याचे जुने पिवळे लसपुस्तक हरवले तर त्यालाही पुन्हा टोचून किंवा रक्त तपासून घ्यावे लागते. ज्याला आधीच प्रतिकारशक्ती आहे त्याने ही लस पुन्हा घेतली तर त्यातून जास्तीचा धोका नसतो. म्हणून कागद सापडत नसेल तर एक डोस पुन्हा घेणे, किंवा रक्ततपासणी करून घेणे, यात कुणाचा अपमान होत नाही. मुलाला एक सुई जास्त लागते, ते रडते, आणि त्या क्षणी आईबापांना राग येतो, हे मात्र मी समजू शकतो.

ही अडचण सोडवता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर भांडणात वेळ घालवल्याचे मला वाईट वाटते. निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून एक स्वच्छ पत्र घ्यावे: प्रत्येक रोगाचे नाव पूर्ण लिहिलेले, महिना अक्षरात लिहिलेला, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. सरकारी केंद्रात लस घेतली असेल तर यू-विन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवरचे डिजिटल प्रमाणपत्र उतरवून घ्यावे. इथे आल्यावर ते मुलांच्या डॉक्टरांना दाखवून इथल्या लसपुस्तकात नोंदी चढवून घ्याव्यात. किटाच्या पत्राची वाट बघू नये. एवढे आपले काम. आरोग्य कार्यालयाने परदेशी पालकांना पाठवायच्या पत्रात सर्व पर्याय लिहावेत, साध्या भाषेत लिहावेत, दंडाची ओळ ठळक करण्याऐवजी पुरावा आणण्याची संधी आणि मुदत आधी सांगावी, हे त्यांचे काम. गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी गणपतीच्या वर्गणीइतकीच या गोष्टीचीही जबाबदारी घ्यावी आणि तसे पत्र कसे असावे याचा मराठी-जर्मन नमुना नव्या कुटुंबांच्या हाती द्यावा. आणि ही मागणी आपण करू शकतो ती इथले रहिवासी म्हणून, करदाते म्हणून, त्याच किटातल्या मुलांचे पालक म्हणून. 'देश त्यांचा' असे एकदा मान्य केले की ही मागणी करण्याचा अधिकारच आपण सोडून देतो.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद: आम्ही तर दोन-चार वर्षांत परत जाणार, मग इथल्या नियमांत एवढे कशाला गुंतायचे? परत जाणाऱ्यांनीच तर जास्त गुंतायला हवे. जर्मनीत जन्मलेल्या मुलाला बीसीजी मिळालेली नसते. टायफॉइडची लस इथल्या वेळापत्रकात नाही. ते मूल नाशिकला आजी-आजोबांकडे राहायला गेले, की तिथले बालरोगतज्ज्ञ इथले पिवळे पुस्तक हातात घेतील, एकेक ओळ तपासतील आणि विचारतील, बीसीजी कुठे आहे? टायफॉइड? मग ते राहिलेल्या लसींची यादी करून देतील, आणि आपण ती मुकाट्याने, किंबहुना कृतज्ञतेने, पुरी करू.